लाल शाईखालची वही

एम.ए.च्या वर्गाला मी पाठसंपादन शिकवत असे. डॉ. वि. भि. कोलते यांनी ‘लीळाचरित्रा’च्या पोथ्या कशा ताडून पाहिल्या, सकळ या सांकेतिक लिपीतला मजकूर लावताना एकेक अक्षर कसं जपावं लागतं, संपादकाने स्वतःच्या आवडीचा शब्द मूळ संहितेत का घुसवायचा नाही, हे वर्षानुवर्षं पोटतिडकीने सांगितलं. त्याच काळात माझ्या हातून एक वही नाहीशी झाली.

वही मॉरिशसच्या एका विद्यार्थिनीची होती. भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्तीवर ती नागपूरला मराठी शिकायला आली होती. पूर्वज कोकणातले, उसाच्या मळ्यांवर करारावर गेलेले मजूर. घरात क्रिओल, वर्तमानपत्र फ्रेंच, शाळेची पुस्तकं इंग्रजी आणि शेवटच्या परीक्षेचे पेपर थेट केंब्रिजचे. मराठी टिकली होती गणपतीत आणि झाकरीत. झाकरी म्हणजे आपल्या कोकणातली जाखडीच. गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडची गाणी तिने उतरवून आणली होती, रोमन अक्षरांत आणि फ्रेंच वळणाने. ‘उ’साठी दोन अक्षरं, ‘श’साठी ‘सी-एच’.

तिला लघुप्रबंध त्यावरच लिहायचा होता. “संदर्भग्रंथ कुठे आहेत?” मी विचारलं. “ती माणसंच आहेत, मॅडम,” ती म्हणाली. मी विषय नाकारला नाही. नाकारला असता तर वही तरी वाचली असती. मी म्हटलं, “आधी हे नीट मराठीत आण.” आणि तीन दुपारी तिला शेजारी बसवून लाल पेन चालवलं. ‘व्हता’चं ‘होता’ केलं, ‘न्हाय’चं ‘नाही’. ‘घोव’ खोडून ‘नवरा’ लिहिलं. एका गाण्यात ‘लामेर’ आला. क्रिओलमध्ये लामेर म्हणजे समुद्र. मी त्यावर ‘सागर’ लिहिलं, ओळ तालात बसेना, म्हणून पुढचीही ओळ बदलली. तिने देवनागरीत सुरेख प्रत केली. जुनी वही ठेवू का, असं तिने विचारलं होतं. “कशाला? गोंधळ होईल,” हे उत्तर माझं.

असं का वागले, याचा विचार मी फार उशिरा केला. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातली. 1974 साली नागपूरच्या कॉलेजात पहिल्याच आठवड्यात वर्गात ‘काहून’ म्हणाले आणि बाकं हसली. दिवाळीपर्यंत मी ‘काहून’, ‘माह्या’, ‘तुह्या’ सगळं जिभेवरून पुसून टाकलं. सुट्टीत घरी गेले की आई माझ्याशी जपून बोलायची, पाहुण्यांशी बोलतात तसं. शिक्षण म्हणजे हेच, अशी माझी खात्री झाली. लीळाचरित्रासारखा मराठी गद्याचा आद्य ग्रंथ आमच्याच वऱ्हाडातल्या रिद्धपूरच्या मातीतला आहे, हे पुढे मीच शिकवलं, पण ‘काहून’ परत आणावंसं वाटलं नाही.

1975च्या जानेवारीत पहिलं विश्व हिंदी संमेलन नागपुरात भरलं. मी स्वयंसेविका होते. प्रमुख पाहुणे मॉरिशसचे पंतप्रधान शिवसागर रामगुलाम. ज्यांचे वडील बिहारमधून मजूर म्हणून त्या बेटावर गेले, तो माणूस देशाचा प्रमुख होऊन आमच्या गावी आला होता. माझे डोळे भरून आले होते. पण त्या भरल्या डोळ्यांनी मी एवढंच पाहिलं की, दूर गेलेली लेकरं शिकायला परत आली आहेत. त्यांच्याकडूनही काही शिकायचं असतं, हे सुचलं नाही.

2012 साली मॉरिशसच्या प्राथमिक शाळांत क्रिओल हा विषय सुरू झाला. ती बातमी वाचून मी अस्वस्थ झाले. 1965 साली त्यांचं विद्यापीठ निघालं, 1968 साली देश स्वतंत्र झाला, 1970 साली भारताच्या मदतीने मोका इथे महात्मा गांधी संस्था उभी राहिली. तरी अख्खं बेट ज्या भाषेत भांडतं आणि रडतं, तिला शाळेचा उंबरा ओलांडायला इतकी वर्षं लागली, कारण शिकलेले लोक तिला मोडकी फ्रेंच म्हणत. माझ्या लाल पेनाने ‘लामेर’ला हेच म्हटलं होतं.

मी त्या विद्यार्थिनीला फोन केला. ती आता तिकडे मराठी शिकवते. माझी चूक सांगितली, माफी मागितली आणि विचारलं, मूळ गाणी पुन्हा उतरवता येतील का? ती जरा वेळ गप्प राहिली. म्हणाली, “गाणारी माणसं गेली, मॅडम. चाल मला येते. पण म्हणायला लागले की ओठांवर तुमचेच शब्द येतात.”

लघुप्रबंधाची प्रत माझ्याकडे आहे. रोज थोडा वेळ ती उघडून बसते, बदललेला शब्द आठवला की समासात पेन्सिलीने मूळ लिहिते. आजवर अकरा आठवले.