अंधारातले मूग

पूर्णा जंक्शनचा माणूस मोजमापाला भीत नाही. मीटरगेज १००० मिलिमीटर, ब्रॉडगेज १६७६, अशी रुळांची दोन मापं पाहतच आम्ही वाढलो.

अकरावीतल्या चिरंजीवांनी जीवशास्त्रासाठी दोन कुंड्यांत दहा-दहा मूग पेरले. माती तीच, पाणी तेवढंच. एक कुंडी खिडकीत, दुसरी कपाटात.

"एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाबा!"

"खिडकीतले उंच होणार," मी ठणकावलं.

आठव्या दिवशी सरासरी काढली. खिडकीत ९ सेंटिमीटर, कपाटात १७! उजेड शोधत नुसतेच ताडमाड वाढलेले, पिवळट, लुकडे.

"काहीतरी चुकलंय. आकड्यांची अदलाबदल कर."

"बँकेत टॅली लागली नाही तर असंच करता?"

बावीस वर्षांच्या नोकरीत इतकं कडक ऑडिट झालं नव्हतं. मुकाट्याने पट्टी घेतली, शून्यापासून पुन्हा मोजलं. सतराच!

वहीत आता नोंद आहे : अंदाज बाबांचा, निष्कर्ष मुगाचा.