शेवटची आज्ञा

मराठी शिकवणाऱ्या बाईंनी बोटांना ग्रीसचे डाग घेऊन वर्गात यावे, हे दृश्य आमच्या शाळेने गेल्या वर्षापूर्वी कधी पाहिले नसेल. मी कलाशाखेची पदवीधर. घरी कोंकणी बोलावी, शाळेत मराठी शिकवावी आणि संध्याकाळी पडवीत बसून वह्या तपासाव्यात, एवढाच माझा व्याप. यंत्र म्हटले की माझी मजल शिवणयंत्राच्या पलीकडे गेलेली नव्हती.

परंतु माझा धाकटा भाऊ बोटीवर नोकरीला आहे. गेल्या वर्षी रजेवर आला तेव्हा त्याने एक भले मोठे खोके बरोबर आणले. त्यात फायबरचा चार फूट लांबीचा सांगाडा, नारळाएवढे एक इंजिन, रेडिओची यंत्रणा आणि पिशव्यांत भरलेले असंख्य सुटे भाग होते. काठावर उभे राहून रेडिओने चालवायची, पेट्रोलवर धावणारी ती शर्यतीची होडी होती. रजा संपत आली तरी इंजिन खोक्यातच होते. निघताना तो हसून म्हणाला, "ताय, हें आतां तूंच पुराय कर." भावाचा शब्द मोडवेना. नववीतील चार मुलांना मी हाताशी घेतले आणि दर रविवारी आमची पडवी कारखाना होऊ लागली.

रेडिओने होडी चालवण्याची कल्पना तशी नवी नाही. निकोला टेस्ला या शास्त्रज्ञाने 1898 साली न्यूयॉर्कमधील मॅडिसन स्क्वेअर गार्डन येथे अशी एक लहान होडी लोकांना चालवून दाखवली होती, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये त्याला तिचे पेटंटही मिळाले. त्याची होडी विजेच्या बॅटरीवर चालत असे. आमची मात्र 26 सी.सी.च्या इंजिनावर चालणार होती. गवत कापण्याच्या यंत्राला असते त्याच जातीचे हे इंजिन. एक लिटर पेट्रोलमध्ये 40 मिलिलिटर तेल मिसळायचे आणि दोरी ओढून सुरू करायचे. फरक एवढाच की गवत कापणारे इंजिन वाऱ्याने थंड राहते, तर हे पाण्याने. होडी धावू लागली की मागे बसवलेल्या बारीक नळीत पाणी आपोआप शिरते, इंजिनाभोवती फिरते आणि कडेच्या छिद्रातून चिळकांडी होऊन बाहेर पडते. म्हणजे होडी धावेल तरच इंजिन थंड राहील. जमिनीवर ते काही क्षणांपेक्षा अधिक चालवणे म्हणजे हाताने जाळणे.

असे काम किती बारीक असते, हे त्यात पडल्यावाचून समजत नाही. इंजिनापासून मागच्या पंख्यापर्यंत शक्ती पोचवतो तो तारांच्या पिळाचा एक लवचीक दांडा. त्याला ग्रीस फासून नळीत सरकवायचे आणि शेवटी सुमारे तीन मिलिमीटरची फट राखायची. "फट कशाला?" असे मी विचारले. भावाने दूरध्वनीवरून समजावले की ओढ बसली की पिळाचा दांडा आणखी आवळतो आणि आखूड होतो. जागा ठेवली नाही तर तो पंख्याला मागच्या आधारावर घट्ट दाबील. पंख्याच्या पात्यांना कानशीने धार काढायची आणि दोन्ही पाती समतोल होईपर्यंत जड पाते घासायचे. धावताना हा पंखा अर्धा पाण्याबाहेर असतो, हे ऐकून मुलांना मोठे नवल वाटले.

होडीचा तोलही मापून ठरवावा लागला. मागच्या टोकापासून लांबीच्या साधारण तीस टक्क्यांवर, म्हणजे आमच्या होडीत 36 सेंटिमीटरवर, भार तोलला गेला पाहिजे. एका गोल काठीवर होडी आडवी ठेवून मुलांनी टाकी आणि बॅटरी मागेपुढे सरकवून तो साधला. पंखा ज्या दिशेने फिरतो त्याच्या उलट दिशेला होडी कलू पाहते, म्हणून मागच्या उजव्या पट्टीला केसभर खाली वाकवले. सुकाणूही उजव्या अंगालाच बसते. अमेरिकेतील शर्यतींत अशा होड्या सहा बोयांभोवती नेहमी उजवीकडे वळत फेऱ्या घालतात, आणि तिची सारी ठेवण त्या वळणासाठीच केलेली असते.

होडी उलटली तरी बुडू नये म्हणून नाळेत काहीतरी हलके भरायचे होते. मी थर्मोकोल सुचवला. या चौघांत एक मुलगा फार अबोल. परीक्षेत त्याचे गुण बेताचेच, आणि निबंध तर चार ओळींवर कधी गेला नव्हता. त्याने काही न बोलता थर्मोकोलचा एक तुकडा वाटीतल्या पेट्रोलमध्ये टाकला. तुकडा डोळ्यांदेखत विरघळून गेला. मग आम्ही पोहायला शिकणाऱ्या मुलांच्या कमरेला बांधतात तसला फोम आणून भरला. पाण्यापासून जपण्यासाठी रेडिओचा रिसीव्हर रबरी फुग्यात घालून बांधावा, ही युक्तीही त्याचीच.

त्याच मुलाने एका रविवारी मान वर न करता विचारले, "बाई, मध्ये तार नाही. आपला हुकूम पोचलाच नाही तर होडी काय करील?"

मी त्या वेळी कार्ब्युरेटरच्या दोन स्क्रूंशी झटत होते. पुढच्या आठवड्यात शाळेचे विज्ञान-प्रदर्शन होते आणि त्याआधी होडी पाण्यात उतरलीच पाहिजे, असा हट्ट माझ्या मनाने धरला होता. "पोचेल रे, न पोचायला काय झाले!" असे म्हणून मी त्याला गप्प केले. तो गप्प बसला. शिक्षकाने गप्प केले की आमची मुले फार चटकन गप्प बसतात, हा त्यांचा गुण की आमचा दोष, कोण जाणे.

पंचायतीची परवानगी घेऊन आम्ही गावच्या तळ्यावर गेलो. पलीकडच्या कडेला एक म्हातारेबाबा डोणीत उभे राहून पाग टाकीत होते. "ते लांब आहेत," असे मीच ठरवले. दोरी तीनदा ओढल्यावर इंजिन गरजले. होडी आधी जडपणे पाणी ढकलीत निघाली, आणि मग एकाएकी नाळ उचलून पाण्याला जेमतेम स्पर्श करीत सुटली. कडेने पाण्याची चिळकांडी उडत होती, मागे शुभ्र तुषारांचा पंखा उमटला होता. मुले नाचू लागली. माझ्या हातातला घोडा मी पूर्ण ओढला होता आणि खरे सांगायचे तर मीही त्या क्षणी नववीतच होते.

वळवण्यासाठी मी चाक फिरवले. होडी वळली नाही. घोडा सोडला. इंजिनाचा आवाज उतरला नाही. ती सरळ, त्याच वेगाने, डोणीच्या रोखाने चालली होती. सात-आठ किलोचे ते धूड आणि त्यामागे आम्हीच हौसेने धार काढलेला पंखा! मी किंचाळले. म्हातारेबाबांनी मान वळवली आणि ते डोणीत मट्कन खाली बसले. होडी त्यांच्यापासून दोन हातांवरून गेली, तिच्या लाटेने डोण हेलकावली, आणि पुढच्या लव्हाळ्यात घुसून, पंख्यात गवत अडकून इंजिन एकदाचे बंद पडले. तळ्यावर जी शांतता पसरली ती मला अजून ऐकू येते.

मी काठाकाठाने धावत गेले आणि हात जोडले. बाबांनी पाग आवरला, माझ्याकडे पाहिले आणि एवढेच म्हणाले, "बाये, तुजें व्हडें तुजें आयकना?"

त्या प्रश्नाचे उत्तर मला रात्री पडवीत होडी उघडल्यावर मिळाले. अँटेनाची नळी निसटून तार तळाशी साचलेल्या पाण्यात पडली होती, आणि या लहरी पाण्यातून पार होत नाहीत. हुकूम तुटला होता. आता हुकूम तुटल्यावर रिसीव्हरने काय करावे, हे आधी ठरवून ठेवता येते. एकतर इंजिन मंद करावे, नाहीतर शेवटची आज्ञा धरून बसावे. या सोयीला फेलसेफ म्हणतात. आम्ही ते ठरवलेच नव्हते, आणि आमच्या रिसीव्हरने शेवटची आज्ञा धरून ठेवली. होडी माझे ऐकत नव्हती असे नव्हे. ती माझी शेवटची आज्ञा, पूर्ण वेगाने सरळ जाण्याची, अक्षरशः पाळीत होती. माझ्या चुकीला तिच्या आज्ञाधारकपणाची जोड मिळाली होती.

त्या रात्री झोप लागली नाही. त्या मुलाचा प्रश्न पुनःपुन्हा आठवत होता. बाबांना काही झाले असते तर ती शिक्षा मला जन्मभर पुरली असती, आणि ते टाळण्याचे साधन एका चौदा वर्षांच्या मुलाने माझ्या हातात ठेवले होते. मी ते झटकले, कारण विचारणारा बेताच्या गुणांचा होता.

सोमवारी हजेरी झाल्यावर मी वर्गाला सारी हकीकत सांगितली. प्रश्न कोणी विचारला होता, मी काय उत्तर दिले होते आणि चूक कोणाची होती, हे त्याच क्रमाने सांगितले. असे सांगणे वाटते तितके सोपे नसते. पायांखालची फरशी मऊ झाल्यासारखी वाटते. मुलांनी आपल्याला आता मानले नाही तर, ही भीती असते. वर्ग थोडा वेळ निःशब्द होता. मग तो मुलगा उठला आणि म्हणाला, "बाई, होडी घोडीवर ठेवून आपण ट्रान्समीटर मुद्दाम बंद करून पाहू. मग कळेल ती काय करते ते." सबंध वर्षात वर्गासमोर त्याने बोललेले ते सर्वांत लांब वाक्य होते.

प्रदर्शनात होडी पाण्याविना, घोडीवरच राहिली. पुढे आम्ही फेलसेफ बसवला. आता हुकूम तुटला की इंजिन मंद होते. दर खेपेला पाण्यात उतरवण्याआधी ट्रान्समीटर बंद करून तो तपासायचा, अँटेना चाचपायची, आणि तळ्यावर एकही डोण असेपर्यंत दोरीला हात लावायचा नाही, असे नियम त्या मुलाने वहीत लिहून काढले. ते सबंध पानभर झाले. निबंध म्हणून मी त्याला गुण दिले नाहीत, पण त्या वर्षी त्या वर्गात लिहिलेले ते सर्वांत नेटके गद्य होते. दुसऱ्यांदा होडी सोडली तेव्हा म्हातारेबाबा काठावर आमच्या शेजारी बसले होते.

आता वह्या तपासताना कधी कधी माझा हात थांबतो. दरवर्षी एक वर्ग आमच्या आवाजाच्या टापूबाहेर निघून जातो. तेथे आमचा हुकूम पोचत नाही. "गप्प बैस" ही माझी शेवटची आज्ञा जन्मभर पाळीत कोणी सरळ चालत राहिला, तर तो दोष त्याचा नसेल. म्हणून हल्ली कोणी वर्गात मध्येच प्रश्न विचारला की मी खडू खाली ठेवते. उत्तर येत असेल तर देते, आणि येत नसेल तर म्हणते, "चल, घोडीवर ठेवून पाहू."