बंदा रुपया

न मोडलेला, अखंड रुपया तो बंदा रुपया. खानदेशातल्या अमळनेरच्या कितीतरी घरांत लक्ष्मीपूजनाच्या ताटात लाह्या-बत्तासे, नवी केरसुणी आणि हिशेबाची वही यांच्या शेजारी आजही चांदीचा बंदा रुपया मांडतात. त्यावर बहुधा व्हिक्टोरिया राणीचा चेहरा असतो, म्हणून तो राणीछाप. वर्षातून एकदा तो डब्यातून बाहेर येतो, हळदकुंकू लावून घेतो आणि पुन्हा जुन्या फडक्यात गुंडाळला जातो. राजेरजवाड्यांच्या नाण्यांचा संच खानदेशात आधी देवघरात आणि बायकांच्या गळ्यात जमला. काचेच्या पेटीत तो फार नंतर गेला.

हा रुपया १८३५ च्या कायद्याने ठरला. वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा. बारा भागांत अकरा भाग चांदी. त्यामुळे सराफाला तो वजन म्हणूनही चाले आणि ऐंशी रुपयांच्या भाराचा एक शेर होई. या साच्यातला पहिला चेहरा चौथ्या विल्यमचा. १८४० पासून व्हिक्टोरिया आली, १८६२ पासून ती मुकुट घालून आली आणि १८७७ पासून तिच्या नावामागे सम्राज्ञी हा किताब लागला. पुढे १९०३ मध्ये सातवा एडवर्ड उघड्या डोक्याने नाण्यावर आला, त्यानंतर पाचवा आणि सहावा जॉर्ज. विल्यम वगळता हे सगळे चेहरे एकाच माळेत ओवलेले सापडणे खानदेशात नवल नाही.

त्यातही १८६२ साल लिहिलेला रुपया विशेष. १८७४ पर्यंत टाकसाळीने सालच बदलले नाही. मुंबईच्या टाकसाळीत मागच्या बाजूच्या बारीक ठिपक्यांनी वर्षे ओळखली जात, आणि संग्राहक भिंगातून ते ठिपके मोजून आपला संच लावतात. पण या आकड्याची एक कथा शेताच्या बांधावरचीही आहे. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि खानदेशच्या काळ्या जमिनीतल्या कपाशीला कधी नव्हता तो भाव आला. शेतकऱ्याच्या हातात चांदी खुळखुळली. बँक ठाऊक नसलेल्या त्या माणसाने ती कारभारणीच्या गळ्यात घातली किंवा चुलीमागे पुरली. आजीच्या माळेतला १८६२ चा रुपया त्या कपाशीचा असू शकतो.

१९११ च्या रुपयाची हकिकत वेगळीच. पाचव्या जॉर्जच्या झग्यावरच्या पदकमाळेत एक हत्ती कोरला होता. सोंड आखूड पडली, आणि लोकांना तो डुक्कर वाटला. हिंदू आणि मुसलमान दोघेही नाराज झाले. सरकारने वाटप थांबवले, उरलेला साठा वितळवला आणि १९१२ मध्ये नीट सोंडेचा हत्ती काढला. एवढ्या बलाढ्य राजाला नाण्यावरचे चित्र बदलावे लागले ते बाजारातल्या माणसांमुळे. म्हणूनच १९११ चा रुपया आज संचातला मानाचा.

दुसऱ्या महायुद्धात चांदी दुर्मीळ झाली. १९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आली, आणि १९४१ ते १९४३ या काळात जुने रुपये क्रमाक्रमाने चलनातून काढून घेतले गेले. बाजारातले वितळले. वाचले ते पुरलेले आणि गळ्यातले. कडी बसवण्यासाठी डाख दिलेल्या, भोक पाडलेल्या नाण्याला लिलावात किंमत कमी येते हे खरे. पण त्या कडीनेच त्याला मुशीतून वाचवले.

नाणे अंगावर घालण्याची रीत राणीच्याही आधीची. पुतळीमाळेतली पुतळी मुळात व्हेनिसचे सोन्याचे डुकाट. संत मार्कपुढे गुडघे टेकलेला तिथला राज्यप्रमुख आणि मागे ताऱ्यांच्या वेढ्यातला येशू, असे त्याचे चित्र. जवळजवळ शुद्ध सोन्याचे हे साडेतीन ग्रॅमचे नाणे व्यापाराबरोबर आले. इथल्या लोकांनी त्यावरच्या आकृतींना पुतळी म्हटले, आणि पुढे सोनारांनी स्वतःच तशा पुतळ्या घडवल्या. व्हेनिसचे प्रजासत्ताक १७९७ मध्ये संपले. पुतळी अजून आहे.

इंग्रजांचा रुपया येण्यापूर्वी खानदेशच्या बाजारात अनेक टाकसाळींचे रुपये चालत. होळकरांच्या चांदवडच्या टाकसाळीतला चांदोरी या मुलखात ओळखीचा. त्याच्यावर नाव मात्र दिल्लीच्या शाहआलम बादशहाचे. राज्य एकाचे, शिक्का दुसऱ्याच्या नावाचा, अशी ती पद्धत होती, आणि नुसते नाव वाचून नाण्याचे कूळ ठरवणारा तिथे हमखास फसतो. एका टाकसाळीचा रुपया दुसऱ्यात बदलताना सराफ बट्टा घेई. नावाला बट्टा लागणे हा शब्दप्रयोग तिथलाच.

खानदेशच्या मातीशी थेट जोडलेले सर्वांत देखणे शाही नाणे अकबराचे. बुऱ्हाणपूरच्या फारुकी सुलतानांचा असीरगड जानेवारी १६०१ मध्ये पडला आणि खानदेश मोगलांचा झाला. शाहजादा दानियालच्या नावावरून त्याला काही काळ दानदेश म्हणत. या विजयासाठी पाडलेल्या सोन्याच्या मोहरेवर एक ससाणा आहे, पंख मिटलेला, ताठ उभा. साल अकबराच्या इलाही सनाचे ४५, टाकसाळ असीर. ती मोहर आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ज्या गडाची ती आठवण, तो सातपुड्यातच राहिला. खानदेशातल्या एका तरी संग्रहालयात तिची उत्तम प्रतिकृती असायला हवी.

जहांगीराने १६१८ मध्ये नाण्यावर महिन्याच्या नावाऐवजी राशीचे चित्र घालायला सांगितले. मेष ते मीन अशा बारा नाण्यांचा संच म्हणजे संग्राहकांचे स्वप्न, आणि म्हणून त्याच्या नकलाही उदंड. महाराष्ट्रात तसे स्वप्न म्हणजे शिवछत्रपतींचा होन. ६ जून १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला, त्या राज्याचे हे जेमतेम पावणेतीन ग्रॅमचे सोने. आज ते अत्यंत विरळा. तांब्याची शिवराई मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालली. एका बाजूला श्री राजा शिव, दुसऱ्या बाजूला छत्रपति. ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, म्हणून अक्षरे अर्धीमुर्धी उमटत. शिव, शीव, सिव अशी लेखनाची रूपेही निरनिराळी. त्या रूपांवरूनच जाणकार शिवराईचे संच लावतात. फारसी शिक्क्यांच्या बाजारात देवनागरी अक्षरांचे हे तांबे शेतमजुराच्या मुठीत फिरले, यापरते राजेपण नाण्याला दुसरे कोणते?

नाण्याला राजकूळ दोन तऱ्हांनी येते. एक, ते राजाने पाडलेले असते. दुसरे, ते राजाच्या संग्रहातून आलेले असते. इजिप्तचा पदच्युत राजा फारूक याचा प्रचंड संग्रह १९५४ मध्ये कैरोत लिलावात निघाला, आणि त्यातल्या नाण्याच्या वर्णनात फारूकचे नाव आजही आवर्जून येते. नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये म्हणतात. नाण्याचे मात्र शोधावेच लागते. नकली राणीछाप आणि ओतीव होन बाजारात पुष्कळ आहेत. ठशाखाली घडलेल्या नाण्याची अक्षरे धारदार असतात, ओतलेल्याची बोथट आणि बारीक छिद्रांची. वजन आणि नाद हे दोन जुने साक्षीदार अजूनही खरे बोलतात. तरी सर्वांत भक्कम पुरावा कागदाचा: नाणे कोणाकडून, केव्हा आणि कुठे मिळाले. नाशिकजवळ अंजनेरीला भारतीय नाणकशास्त्र संशोधन संस्था आहे. तिथल्या अभ्यासकांनाही नाण्याइतकीच ही माहिती मोलाची.

जमिनीत सापडलेले गुप्तधन १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. शंभर वर्षांवरची नाणी देशाबाहेर नेता येत नाहीत. घरातली माळ मात्र कोणाला कळवावी लागत नाही, आणि म्हणून तिची जबाबदारी घराचीच. दिवाळीआधी रुपया चिंचेने किंवा रांगोळीने घासू नये. त्या चकाकीत अक्षरे झिजतात. माळ मोडायला सराफाकडे नेण्यापूर्वी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या आत्याला विचारावे, ही कोणाच्या लग्नातली, कोणत्या गावाहून आली, आणि ती सांगेल ते त्याच फडक्यात, नाण्याशेजारी, लिहून ठेवावे.