दाब आणि ठिणगी



'उच्चदाब' हा शब्द तुम्ही रोहित्राच्या कुंपणावर वाचला असेल. महावितरण आपल्या ग्राहकांची विभागणी 'उच्चदाब' आणि 'लघुदाब' अशीच करते. तोच 'दाब' डॉक्टर रक्ताला लावतात, हवामान खाते हवेला लावते आणि वायुवाहिनीवर काम करणारे कामगार वायूला लावतात. एका शब्दाला अनेक अर्थ असणे हा भाषेचा दोष नव्हे. संदर्भ बहुधा अर्थ सांभाळून घेतो. परंतु दोन अर्थ एकाच जागी येऊन उभे राहिले, तर काय होते? या प्रश्नासाठी मी तुम्हांला उरणला नेणार आहे.

१९७४ मध्ये मुंबई हाय येथे तेल सापडले. पुढे तिथला वायू समुद्रतळावरील वाहिनीने उरणच्या किनाऱ्यावर येऊ लागला आणि १९८२ पासून त्या वायूवर येथे वीज निर्माण होऊ लागली. बोकडविऱ्याच्या वीजकेंद्रात १०८ मेगावॉटची चार वायू टर्बाइने आणि त्यांच्या उष्ण धुरावर चालणारे १२० मेगावॉटचे दोन वाफेचे संच मिळून ६७२ मेगावॉटची क्षमता उभी राहिली. वायू टर्बाइन हे विमानाच्या जेट इंजिनाचे जमिनीवरील भावंडच होय. पुढचे पंखे हवा दाबून आत लोटतात, ज्वलनकक्षात इंधन जळते आणि तापलेला वायू मागचे चाक फिरवून बाहेर पडतो. विमानात त्या झोताने पुढे रेटा मिळतो. येथे त्या फिरण्यातून वीज मिळते. दोन्ही ठिकाणी आरंभी एक ठिणगी लागते. म्हणजे वायूचा दाब आणि विजेचा दाब येथे एकाच यंत्रात शेजारी नांदतात.

ही शब्दांची गोष्ट माझ्यापुढे आणली ती आपल्याच एका विद्यार्थ्याने. आयटीआय झालेले, चाळिशी ओलांडलेले हे गृहस्थ नोकरी सांभाळून मराठीची पदवी घेत होते. न्हावा-शेव्याच्या बंदरामुळे उरणच्या रस्त्यांवर ट्रेलरांची अखंड वर्दळ असते. अशाच एका वाहनाचा भंगारातला टर्बोचार्जर घेऊन त्यांनी छोटे जेट इंजिन बांधायला घेतले होते. सोबत मराठीतून टिपण लिहिणे चालू होते आणि ते तपासण्यासाठी संपर्कसत्रानंतर माझ्याकडे आले. ठिणगीसाठी त्यांनी स्कूटरची इग्निशन कॉइल लावली होती. ठिणगी पडत होती. रॉकेलचा फवारा मात्र पेटत नव्हता. टिपणात शेवटचे वाक्य होते : 'दाब कमी पडतो, वाढवावा लागेल.'

"कोणता दाब?" मी विचारले.

"विजेचा, सर. दुसरा कशाला वाढवू?"

त्या वाक्यापाशी आम्ही बराच वेळ थांबलो. विजेचा दाब, म्हणजे व्होल्टता, फक्त एवढेच ठरवते की ठिणगी फट ओलांडेल की नाही. साध्या हवेत एक मिलिमीटर फट ओलांडायला सुमारे ३,००० व्होल्ट लागतात. इंधन पेटेल की नाही, हे मुख्यतः ठिणगीतल्या ऊर्जेवर ठरते. स्वयंपाकघरातला खटका दाबून पेटवायचा लायटर हजारो व्होल्ट निर्माण करतो, पण त्यातली ऊर्जा अगदी थोडी असते. हवेत योग्य प्रमाणात मिसळलेल्या वायूला ती पुरते. मिथेनला तर एक मिलिज्यूलचा सुमारे तिसरा हिस्साही पुरेसा होतो. थंड रॉकेलच्या थेंबांना मात्र कितीतरी पट अधिक ऊर्जा लागते, कारण आधी त्यांची वाफ व्हावी लागते. विमानांतील कित्येक प्रज्वलक दोन-तीन हजार व्होल्टवरच चालतात, म्हणजे स्कूटरच्या कॉइलपेक्षा कितीतरी कमी दाबावर. पण त्यांचा धारित्र एका ठिणगीत काही ज्यूल ऊर्जा ओततो. 'दाब' या शब्दाने आपल्या विद्यार्थ्याला चुकीच्या दिशेला वळवले होते.

मग धारित्राचा संच लावावा का? तो प्रभावी खरा, पण बटण बंद केल्यावरही त्यात जीवघेणा भार साठून राहतो. भट्टीच्या बर्नरचा रोहित्र सलग ठिणग्या देतो. घरच्या विजेवर चालत असल्याने तोही तितकाच बेतणारा. त्यांनी शेवटी कॉइल तीच ठेवली आणि इंधन बदलले. आरंभी एलपीजी, कक्ष तापल्यावर रॉकेल. हौशी इंजिने बांधणारे अनेक जण हीच वाट धरतात.

पण या निवडीहून मोठी गोष्ट पुढे आहे. ठिणगी पडली आणि इंधन पेटले नाही, तर ते इंधन जाते कुठे? ते कक्षाच्या तळाशी साचते. १२ एप्रिल १९३७ रोजी इंग्लंडमध्ये फ्रँक व्हिटल यांनी आपले जेट इंजिन पहिल्यांदा चालवले. इंधनाची झडप बंद केली, तरी त्याचा वेग वाढतच गेला, कारण गळलेले इंधन आत साचले होते. सहकारी पळाले. म्हणूनच वीजकेंद्रात पेटवण्यापूर्वी कक्षातून नुसती हवा वाहू देतात आणि प्रयत्न फसल्यास पुन्हा तेच करतात. दुसऱ्या ठिणगीची घाई करायची नसते. वायू आणि आग यांचे नाते उरणकरांना पुस्तकातून शिकावे लागत नाही. ३ सप्टेंबर २०१९ रोजी येथील ओएनजीसीच्या प्रकल्पात लागलेल्या आगीत चार जणांचे प्राण गेले. अशा गावात तांत्रिक टिपणातला संदिग्ध शब्द ही केवळ गुण कापण्याची बाब राहत नाही.

आता व्याकरणाकडे वळा. 'पेटणे' हे अकर्मक क्रियापद, 'पेटवणे' हे त्याचे प्रयोजक रूप. पेट्रोलच्या इंजिनाला प्रत्येक आवर्तनात पेटवावे लागते. जेट इंजिन एकदा पेटवले की स्वतःच पेटते राहते. मग ठिणगी बंद केली तरी चालते. दोन यंत्रांमधला हा भेद आपली भाषा एका 'व'ने सांगते. तुमच्या कामाच्या ठिकाणी असे कोणते शब्द आहेत, जे दोन अर्थ घेऊन एकाच जागी उभे राहतात? पुढील घटकाकडे जाण्यापूर्वी त्यांची यादी करा आणि प्रत्येकापुढे लिहा : हा शब्द चुकीचा समजला गेला, तर कोणाला इजा होईल?

त्या विद्यार्थ्याच्या सुधारलेल्या टिपणात 'दाब' शब्द जिथे जिथे आला, तिथे 'हवेचा', 'वायूचा' किंवा 'विजेचा' असे विशेषण लागले होते. इंजिन चालवण्याचा क्रम त्यांनी सहा शब्दांत लिहिला होता : आधी वारा, मग ठिणगी, शेवटी इंधन. मी त्यात काहीही दुरुस्त केले नाही.