बिलाची शेवटची ओळ

मागच्या दिवाळीनंतर पप्पांनी बार्शीचं दुकान बंद केलं. खतं, बियाणं आणि औषधांचं दुकान, म्हणजे आमच्याकडे ज्याला कृषी सेवा केंद्र म्हणतात ते. आवराआवर करायला मी दोन दिवस सुट्टी टाकून गेले होते. येताना पुण्याला दोन वस्तू आणल्या. एक म्हणजे गल्ल्याशेजारच्या सरबताच्या बाटलीत वर्षानुवर्षं वाढलेला मनी प्लांट. दुसरी म्हणजे मागच्या खोलीत सापडलेला १९:१९:१९ चा एक किलोचा पुडा. "झाडाला घालते," असं म्हणून मी तो पिशवीत टाकला. पप्पा पुड्याकडे बघत राहिले, बोलले काहीच नाहीत.

त्या मनी प्लांटचं आमच्याकडे कुणी कधी कौतुक केलं नव्हतं. बाटलीतलं पाणी कमी झालं की पप्पा त्यात बोअरचं पाणी ओतायचे, एवढीच त्याची बडदास्त. तरी वेल खिळ्याखिळ्यानं सरकत शटरच्या पेटीपर्यंत पोचली होती. आता दुकान गेलं, वेल माझ्याकडे आली, तर तिचं नीट करायचं असं मी ठरवलं. नर्सरीतून कुंडी आणली, कोकोपीट मिसळलेली माती आणली आणि हॉलच्या कोपऱ्यात, टीव्हीच्या शेजारी वेल लावली. तिथं ती छान दिसत होती.

आणि मग खत. १९:१९:१९ म्हणजे नत्र, स्फुरद आणि पालाश, प्रत्येकी १९ टक्के. पाण्यात पूर्ण विरघळणारं. ठिबकमधून सोडतात, नाहीतर फवारतात. फवारणीला लिटरला ५ ग्रॅम हे प्रमाण मला लहानपणापासून पाठ आहे. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ५ ग्रॅम मोजायचं, लिटरभर पाण्यात ढवळायचं, कुंडीत ओतायचं. दर रविवारी. मोबाईलवर रिमाइंडर लावला होता. डिसेंबर-जानेवारीचे सहा रविवार मी एकही चुकवला नाही.

सहाव्या रविवारनंतर पानांची टोकं तपकिरी व्हायला लागली. मी पाणी वाढवलं. टोकं आणखी वाळली. माती ओली असताना पानं तहानेल्यासारखी लोंबायला लागली. सॉफ्टवेअरच्या कामात मला एक सवय लागली आहे. काही बिघडलं की आपण शेवटी काय बदललं ते आधी बघायचं. इथं मात्र ते सुचलं नाही, कारण मी जे करत होते ते बिघडवणं असू शकतं असं वाटतच नव्हतं. मी तर काळजी घेत होते.

शेवटी पप्पांना फोन केला. खरं तर दुकान बंद झाल्यापासून आमचं बोलणं "जेवलात का", "गोळी घेतली का" यापलीकडे जात नव्हतं. त्या दिवशी त्यांचा आवाज एकदम गल्ल्यावरचा झाला.

"पान टोकाकडून वाळायलंय का खालची पानं पिवळी पडायलीत?"

"टोकाकडून."

"माती वरून पांढरी दिसते का? कुंडीच्या काठाला मिठागत काही?"

मी वाकून बघितलं. होतं. इतके दिवस मला ते कोकोपीटच वाटत होतं.

"काय घालायलीस त्याला?"

सांगितलं. पलीकडे जरा वेळ शांतता. मग ते हसले. "अगं, ती शेतातली फवारणी आहे. पानावर मारायची, ती पण हंगामात एखाद-दुसऱ्या वेळी. तू ती दर आठवड्याला मुळात ओतलीस. आणि थंडीत! त्याला भूक तरी होती का?"

लिटरला ५ ग्रॅम म्हणजे लिटरमागे ९५० मिलिग्रॅम नत्र. हा हिशोब मी नंतर केला. घरातल्या कुंडीला त्याच्या वीसाव्या हिश्श्यानं भागतं. विद्राव्य खत म्हणजे शेवटी क्षारच. झाडानं उचलले नाहीत तर ते मातीत साठतात. मातीतलं पाणी मुळातल्या पाण्यापेक्षा जास्त खारट झालं की मुळाला पाणी ओढणं जड जातं, आणि फार झालं तर मुळातलंच पाणी बाहेर ओढलं जातं. म्हणून माती ओली आणि झाड तहानलेलं. मी पाणी वाढवलं खरं, पण ताटलीत झिरपलेलं पाणी कुंडी पुन्हा शोषून घेत होती. क्षार तिथल्या तिथेच फिरत होते.

पप्पांनी विचारलं, "कुंडी कुठं ठेवलीस?" टीव्हीजवळ म्हटल्यावर म्हणाले, "दुकानातलं पोस्टर आठवतंय का? पिंपाचं?"

आठवत होतं. कुठल्यातरी सूक्ष्म अन्नद्रव्यवाल्यांनी दिलेलं. लाकडी पिंप, त्याच्या फळ्या कमीजास्त उंचीच्या, प्रत्येकीवर एकेका अन्नद्रव्याचं नाव. पिंपात पाणी सगळ्यांत आखूड फळीपर्यंतच राहतं, बाकीच्या कितीही उंच असोत. एकोणिसाव्या शतकात कार्ल स्प्रेंगेल आणि युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी मांडलेला हा नियम मी पुढे वाचला, पण तो शिकले पप्पांच्या पोस्टरवरूनच. माझ्या हॉलमध्ये आखूड फळी होती उजेडाची. खिडकी बारा फुटांवर, तीही उत्तरेची. उजेड नसेल तर झाड अन्न तयार करणार नाही, वाढणार नाही, मग नत्र घेऊन करणार काय? दुकानात संध्याकाळचं ऊन थेट गल्ल्यापर्यंत यायचं. बोअरच्या पाण्यात जे थोडेफार क्षार असतील तेवढ्यावर ती वेल शटरपर्यंत गेली होती. आणि उजेड काही पुड्यात येत नाही, म्हणून पोस्टरवर त्याची फळीच नव्हती.

मी हे बोलून दाखवलं तेव्हा पप्पा हसले नाहीत. म्हणाले, "तो पुडा नको न्यायला होतास."

मग त्यांनी जे सांगितलं त्यातलं निम्मं मला माहीत होतं. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना. किंमत सरकारनं बांधलेली, दुकानदाराला त्यात फारसं सुटत नाही. पण पेरणीच्या दिवसांत गोण्या हव्या असतील तर वरून येणाऱ्या मालात बाकीचंही उचलावं लागायचं. विद्राव्य खतं, टॉनिकच्या बाटल्या, जे खपत नाही ते. याला धंद्यात लिंकिंग म्हणतात. दुकानदारानं उचललं की तो शेतकऱ्याच्या माथी मारणार. दोन गोण्या युरिया पाहिजे? मग एक पुडा घ्यावा लागेल.

"ज्याच्याकडं ठिबक नाही, पंप नाही, त्याला पण दिला मी," पप्पा म्हणाले. "माणसं काही बोलायची नाहीत. घेऊन जायची. घरी नेऊन कोनाड्यात ठेवायची. पुढच्या वर्षी तो पुडा दगड झालेला असायचा."

मला बिलं आठवली. बारावीपर्यंत उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि जूनमध्ये बिलं मीच लिहायचे, माझं अक्षर चांगलं म्हणून. युरिया, दोन गोणी. खाली रेघ मारायच्या आधी, पप्पांनी मान हलवली की, १९:१९:१९, एक पुडा. समोरचा माणूस ती ओळ वाचायचा, माझ्याकडे बघायचा आणि खिशातून आणखी नोटा काढायचा. मी तेव्हा एवढंच बघायचे की बेरीज बरोबर आहे ना. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांची फी त्या बेरजांतूनच भरली गेली.

मी म्हटलं, "ती ओळ मीच लिहायची, पप्पा."

"तू पोर होतीस," ते म्हणाले. "मी नव्हतो." मग लगेच, "आता असं कर. ते पांढरं वरचं खरवडून काढ. कुंडी बाथरूममध्ये ने, आणि पाणी खालून वाहून जाईस्तोवर ओत. थांब, परत ओत. कुंडीत मावंल त्याच्या चार-पाच पट पाणी जाऊ दे. ताटलीत साठू देऊ नको. मग खिडकीत ठेव आणि विसर."

तसं केलं. टोकं जळलेली पानं परत हिरवी होत नाहीत, ती मी कापली नाहीत. कुंडी खिडकीला लागून ठेवली. रिमाइंडर काढून टाकला. तीन महिने फक्त पाणी, तेही बोट घालून माती दोन पेरं कोरडी लागली तरच. रविवारी सकाळी हात शिवशिवायचे. काहीतरी करायला हवं असं वाटायचं आणि करण्यासारखं काही नसायचं. त्या वेळात मी पप्पांना फोन करायला लागले. कधी झाडाचं बोलायचो, कधी कुठल्या गिऱ्हाइकाचं. अजून कोण भेटतं, कोण बोलत नाही, कोण रस्त्यात थांबून चहाला नेतं. पप्पा नावं घेऊन सांगतात. त्यातली बरीच मी बिलावर लिहिलेली आहेत.

एप्रिलमध्ये नवीन सुरळी दिसली. पप्पांना फोटो पाठवला. ते म्हणाले, आता थोडं द्यायला हरकत नाही. पाव ग्रॅम लिटरला, महिन्यातून एकदा, ओल्या मातीत. घरच्या काट्यावर पाव ग्रॅम मोजता येत नाही. म्हणून मी लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम विरघळवते आणि त्यातलं ५० मिलिलिटर दुसऱ्या लिटरभर पाण्यात घेते. पावसाळा संपेपर्यंत हेच, थंडीत पुन्हा बंद.

मे महिन्यात पप्पा पुण्याला आले तेव्हा पुड्याचा हिशोब मी त्यांना करून दाखवला. सहा रविवारी ३० ग्रॅम गेलं, ९७० उरलं. महिन्याला पाव ग्रॅमनं ते ३२३ वर्षं पुरेल. खूप दिवसांनी ते खळखळून हसले. मग पुडा हातात घेऊन दाबून बघितला. एका कोपऱ्यात खडे व्हायला लागले होते.

"कुणाला देऊन टाकू का?" मी विचारलं. "सोसायटीत बऱ्याच जणांकडे झाडं आहेत."

ते पुड्याची घडी घालत होते. "कुणी मागितलं तर दे," म्हणाले. "आधी झाड बघ, मग दे. आणि पैसे घेऊ नको."