फोटो आमच्या डिस्कवर होता

मॅस्टोडॉन या अनेक स्वतंत्र सर्व्हरांच्या समाजमाध्यमाचा एक छोटा सर्व्हर मी चालवतो. सभासद बहुतेक मराठी, खर्च वर्गणीतून भागतो. २०१९च्या नोव्हेंबरात ट्विटरवर चिडून बरेच भारतीय इकडे आले, त्यांतलाच मी.

दोनेक वर्षांपूर्वी रात्री उशिरा एक ईमेल आला. एका मुलीचा खासगी फोटो तिच्या जुन्या मित्राने टाकला होता. त्याचं खातं परदेशातल्या सर्व्हरवर. आमच्या एका सभासदाने त्याला फॉलो केलं होतं, एवढाच आमचा संबंध. पण मॅस्टोडॉनची रचनाच अशी की फॉलो केलेल्या परक्या खात्यावरची चित्रं आपला सर्व्हर स्वतःकडे उतरवून घेतो. मुलीने पाठवलेल्या लिंकमध्ये नाव आमचं होतं.

२०२१च्या आयटी नियमांप्रमाणे अशा तक्रारीवर तेव्हा २४ तासांत कारवाई करायची होती. हयगय झाली तर आयटी कायद्याच्या कलम ७९चं, म्हणजे इतरांच्या मजकुरासाठी जबाबदार न धरण्याचं, संरक्षण धोक्यात. मुदत कोट्यवधी सभासदांच्या कंपनीला तीच, मलाही तीच. त्याबद्दल माझी तक्रार नाही. सर्व्हर लहान म्हणून तिचा त्रास लहान होत नव्हता.

पोस्ट लगेच काढली आणि तिला फोन केला.

"सर, कायमचा गेला ना?"

त्याच नियमांत काढलेला मजकूर तपासासाठी १८० दिवस जपून ठेवायची अट आहे. तिला खोटं सांगणं शक्य नव्हतं. म्हटलं, "ताई, आता कुणाला दिसणार नाही. पण एक प्रत ठेवावी लागेल. पोलिसांनी मागितली तरच बाहेर काढीन."

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे तुमच्याकडे राहणारच."

प्रत एनक्रिप्ट करून वेगळ्या ड्राइव्हवर ठेवली. पासवर्डचे दोन भाग केले: अर्धा माझ्याकडे, अर्धा आमच्या एका वकील मैत्रिणीकडे, म्हणजे एकट्याने कुणालाच ती उघडता येऊ नये. तरी माझं ठाम मत आहे की असा पुरावा खासगी माणसाच्या घरात नसावा. तो त्याच दिवशी पोलिसांच्या ताब्यात देता येईल अशी सोय हवी.

मूळ सर्व्हरच्या चालकाला पत्रं लिहिली, उत्तर नाही. शेवटी तो सर्व्हर आमच्याकडून सस्पेंड केला. त्याने आमचे सभासद वाचले, ती नाही. इतर सर्व्हरांवरच्या प्रतींना माझा हात पोचत नाही. तिने सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवली. आमच्याकडची प्रत कुणीच मागितली नाही. मुदत संपल्यावर मी आणि वकील मैत्रिणीने मिळून ती पुसली आणि त्या मुलीला तसं कळवलं. मूळ सर्व्हरवर फोटो तेव्हाही होता.