अब्बांची वही

तेर हे माझे गाव. ते धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी वसले आहे. संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून सारा महाराष्ट्र त्याला ओळखतो. माझे अब्बा मालवाहतुकीच्या एका कचेरीत बिल्ट्या लिहीत असत. माल कोणाचा, कोठून आला, कोठे जायचा, नग किती, हे सारे ते एका जाड वहीत टिपून ठेवत. शाळा सुटली की मी त्यांच्याजवळ जाऊन बसे.

बारावीनंतर संगणक एकमेकांना जोडण्याचे, म्हणजे नेटवर्कचे, काम शिकायचे मी ठरवले. फीसाठी पैसे नव्हते. अम्मीने आपले शिलाई मशीन विकले. ती एवढेच म्हणाली, "तू कमावता झालास की दुसरे घेऊ."

वर्ग लातूरला होता. माझे शिक्षण उर्दूतून झालेले, सर शिकवत मराठीतून आणि पुस्तक इंग्रजीत! पहिले काही दिवस मी नुसता बसून राहिलो. मग रोज दहा नवे शब्द वहीत लिहायचे आणि रात्री पाठ करायचे, असे सुरू केले.

पहिला धडा तारेचा होता. नेटवर्कच्या केबलमध्ये आठ बारीक तारा असतात. त्या ठरलेल्या रंगांच्या क्रमाने टोकाच्या प्लगमध्ये बसवायच्या असतात. मी एका टोकाला प्लग उलटा धरला. सगळा क्रम उलटला आणि केबल निकामी झाली. मुले हसली. सर मात्र म्हणाले, "टोक काप आणि पुन्हा बसव. तार अजून पुष्कळ आहे." चौथ्या खेपेला तपासणीच्या यंत्रावरचे आठही दिवे क्रमाने लागले. त्या दिवशी मला घरी जायची फार घाई झाली होती.

पुढे सरांनी सांगितले, की एका संगणकाकडून दुसऱ्याकडे जाणारी माहिती सलग जात नाही. तिचे लहान लहान तुकडे करतात. त्यांना पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटवर पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि तुकड्याचा क्रम असतो. वाटेतले राउटर नावाचे यंत्र पत्ता पाहून ते पुढे धाडते. एखादे पॅकेट हरवले तर ते पुन्हा पाठवले जाते. हे ऐकताच मी म्हणालो, "सर, ही तर बिल्टी झाली!" सर खूश झाले.

रविवारी मी तेरच्या लामतुरे वस्तुसंग्रहालयात गेलो. तेथले मणी आणि मातीच्या मूर्ती मी लहानपणी अनेकदा पाहिल्या होत्या. आज त्या निराळ्या वाटल्या. तेरचे जुने नाव तगर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे, की तगर हे पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असून तेथले कापड गाड्यांतून भडोच बंदराला जाते. तेथून माल समुद्रापार जाई. म्हणजे आमचे गावही एका मोठ्या जाळ्यातला दुवा होते. संगणकांचे जाळे मात्र फार अलीकडचे. अमेरिकेत १९६९ साली अर्पानेट सुरू झाले. १ जानेवारी १९८३ पासून त्यावरचे संगणक एकाच नियमावलीने बोलू लागले. भारतात सामान्य माणसाला इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ पासून मिळू लागले.

शिक्षण संपले आणि मला एका कचेरीत मदतनिसाची नोकरी लागली. दुसऱ्याच महिन्यात माझ्या हातून मोठी चूक झाली. एका संध्याकाळी हिशेबनिसांचा नवा संगणक मला जोडायचा होता. नेटवर्कमधल्या प्रत्येक संगणकाला स्वतःचा क्रमांक लागतो. एक क्रमांक दोघांना देता येत नाही. मी १९२.१६८.१.१० हा क्रमांक निवडला. त्या क्रमांकावर कोणी उत्तर देते का, हे पाहिले. उत्तर आले नाही, म्हणून तोच दिला. संगणक चालूच ठेवून मी घरी गेलो.

तो क्रमांक मुख्य संगणकाचा होता. दुरुस्तीसाठी तो त्या संध्याकाळी बंद होता, एवढेच! दाराला हाक मारली आणि आतून उत्तर आले नाही, म्हणजे घर रिकामे असते असे नाही. सकाळी मुख्य संगणक सुरू केला, तर त्याची जागा आधीच घेतलेली. सगळ्यांचे काम अडले. पहाटे झाडलोट करणाऱ्या शिपायाने तारा ओढल्या असतील, असे कोणीतरी म्हणाले. साहेब त्याला रागावू लागले. तो बिचारा मान खाली घालून उभा राहिला.

मला कारण उमगले होते. पण तोंड उघडावे तर नोकरी जाईल. अम्मीचे मशीन डोळ्यांपुढे आले. क्षणभर मी गप्प राहिलो. मग त्या शिपायाकडे पाहवेना. मी पुढे होऊन म्हणालो, "साहेब, चूक माझी आहे. यांनी काही केलेले नाही." मी क्रमांक बदलला. थोड्याच वेळात काम सुरू झाले.

साहेबांनी मला आत बोलावले. ते म्हणाले, "कोणता क्रमांक कोणाला दिला, हे लिहून का ठेवले नाही?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. बाहेर येऊन मी आधी त्या शिपायाची माफी मागितली.

घरी गेल्यावर अब्बांना सारे सांगितले. ते काही बोलले नाहीत. त्यांनी फळीवरून एक कोरी जाड वही काढली आणि स्वतःच्या हाताने तिच्यावर रकाने आखून दिले.

पाचव्या महिन्यात घरी नवे शिलाई मशीन आले. त्या पहिल्या वहीची पाने आता भरली आहेत. दुसरी सुरू आहे. कोणताही संगणक जोडण्याआधी मी ती उघडतो.